ग्रामपंचायतीच्या कामाचा खर्च कसा तपासायचा: अंदाजपत्रकापासून टेपपर्यंत

गावात सिमेंट रोड होतो, दुसऱ्या पावसाळ्यात त्यातली गिट्टी उघडी पडते आणि पानठेल्यावर चर्चा सुरू होते, "खाल्ले पैसे." ही चर्चा ग्रामसभेत टिकत नाही. ग्रामपंचायतीचे सचिव (ग्रामसेवक) एवढंच विचारतात, "पुरावा काय?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पुरावा म्हणजे कोणाची कबुली नव्हे. अंदाजपत्रकात (कामाआधी काढलेल्या खर्चाच्या अंदाजात) काय लिहिलं आहे, मोजमाप पुस्तिकेत (झालेलं काम मोजून लिहायच्या वहीत) काय चढवलं आहे आणि जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे, या तिन्हींतला फरक हाच पुरावा. तो काढायला वकील लागत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस मीटरचा टेप आणि महिनाभर धीर लागतो.

ही रीत एकाच कामासाठी सांगितली आहे, आणि ते मुद्दाम. "गेल्या दहा वर्षांचा सगळा हिशोब द्या" असं मागणाऱ्याला एक तर नकार मिळतो, नाही तर पोतंभर झेरॉक्स. दोन्हींत हाती काही लागत नाही. एक काम नीट धरलं तर बाकीच्या कामांचे कागद कसे वाचायचे ते आपोआप कळतं.

काम कोणतं धरायचं

पहिल्यांदा असं काम घ्या जे उघड्यावर आहे, मोजता येतं आणि ज्याचं शेवटचं बिल निघून वर्ष-दीड वर्षच झालं आहे. सिमेंट रस्ता, नाली, पेव्हिंग ब्लॉक, स्मशानभूमीचं शेड अशी कामं बरी. साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, प्रशिक्षण या नावांखाली घोळ घालणं सोपं असतं हे खरं. पण तो दाखवायला जमिनीवर काही उरत नाही, म्हणून ते नंतर.

मग काम कोणाचं ते पाहा. गावातला प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीनं केलेला नसतो. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती, लेखाशीर्ष २५१५, दलित वस्ती सुधार, तांडा वस्ती सुधार, खाणींच्या भागात खनिज निधी, असा पैसा अनेक वाटांनी येतो. आणि काम करणारा वेगळाच असू शकतो: कधी ग्रामपंचायत स्वतः, कधी जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, कधी सार्वजनिक बांधकाम विभाग. कागदोपत्री त्याला कार्यान्वयन यंत्रणा म्हणतात. अर्ज भलत्याच यंत्रणेकडे टाकला तर तो फिरत राहतो.

कामाच्या ठिकाणच्या फलकावर योजना, रक्कम, यंत्रणा आणि कंत्राटदार लिहिलेला असायला हवा. त्याचा फोटो सगळ्यात आधी काढून ठेवा. चर्चा सुरू झाली की फलकावर चुना मारल्याची उदाहरणं कमी नाहीत. फलकच नसेल तर तो पहिला मुद्दा झाला, कारण फलकाचा खर्च बहुतेक अंदाजपत्रकात धरलेला असतो.

त्याच गल्लीतले जुने फलकही वाचा. एकच रस्ता दोन हेडमध्ये (निधीच्या दोन खात्यांत) दाखवायची जुनी युक्ती आहे. एका कामाचं नाव "मारुती मंदिर ते शाळा", दुसऱ्याचं "अमक्याच्या घरापासून शाळेपर्यंत", आणि अमक्याचं घर मंदिराला लागूनच. कागदावर दोन रस्ते, पायाखाली एक. यासाठी गल्लीचा साधा नकाशा हातानं काढा आणि कोणत्या तुकड्यावर कोणता निधी, कोणतं वर्ष ते लिहा. ग्रामपंचायतीकडे रस्त्यांची नोंदवही असते, नमुना २३. ती या नकाशाशी ताडून पाहा.

वित्त आयोगाच्या पैशातलं काम असेल तर अर्धी माहिती घरबसल्या मिळते. पंधरावा वित्त आयोग २०२०-२१ ते २०२५-२६ या काळापुरता. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींचा आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेचा. २०२१-२२ पासून यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर वर्ष, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की मंजूर आराखडा आणि दिलेल्या रकमांच्या नोंदी दिसतात. व्हाउचर क्रमांकाच्या मधल्या भागात "पी" असेल तर पैसा गेला, "आर" असेल तर आला. हे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्यांशिवाय खात्यातून हलत नाहीत. त्यामुळे "मला माहीतच नव्हतं" हे दोघांपैकी कोणालाच म्हणता येत नाही. सरपंचाची डिजिटल सही दुसऱ्याच कोणाच्या खिशात असते, ही वेगळी गोष्ट, जबाबदारी सहीवाल्याचीच. (ग्रामसेवकाचं पदनाम २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. आपल्याकडे लोक सचिवच म्हणतात, कागदावर मात्र नवं पदनाम लिहा.)

कागद मागवणे

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र "अ" या ठरलेल्या नमुन्यात करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मजकूर असा पुरतो:

"ग्रामपंचायत (गावाचं नाव) अंतर्गत सन २०२४-२५ मधील 'मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा सिमेंट काँक्रीट रस्ता' या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: प्रशासकीय मान्यता आदेश, तांत्रिक मान्यतेसह सविस्तर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, सर्व चालू व अंतिम देयकं कपातीच्या तपशिलासह, साहित्य व काँक्रीट चाचणी अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला, आणि काम सुरू होण्यापूर्वीचे, चालू असतानाचे व पूर्ण झाल्यानंतरचे फोटो."

यात "का" कुठेच नाही, ते लक्षात घ्या. "जाडी कमी का ठेवली?" असं विचारलं की उत्तर येतं, "प्रश्नार्थक माहिती देय नाही." कागद मागा, कारण मागू नका. कोणाचं नाव घेऊन आरोपही लिहू नका. अर्जाची पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख पाहिजे. सचिव कार्यालयात भेटत नसतील (तीन गावांचा कारभार एकाकडे असला की तसं होतंच) तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

उत्तराला ३० दिवस. झेरॉक्सचे पानाला दोन रुपये भरा असं पत्र आलं तर पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून पैसे लगेच भरा. मुदत उलटून गेल्यावर मात्र माहिती मोफत द्यावी लागते. उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र "ब", वीस रुपयांचा स्टॅम्प. अपिलीय अधिकाऱ्याचं नाव कार्यालयातल्या फलकावर असायला हवं. नसेल तर पंचायत समितीत विचारा. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र "क". विदर्भात अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांसाठी राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ अमरावतीला, नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांसाठी नागपूरला. आयोगाला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड करता येतो. पण तिथे तारीख लागायला वेळ जातो. म्हणून पहिल्या अपिलाची तयारी नीट करा, बरेच कागद तिथेच निघतात.

एक गोष्ट लोक विसरतात. माहिती अधिकारात नुसती झेरॉक्स नसते. कामाची पाहणी करणं, दप्तर बसून वाचणं, साहित्याचा प्रमाणित नमुना घेणं हेही त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये आहे. दप्तर तपासायला पहिला तास फी नाही. जाताना एकटे जाऊ नका. एकानं वाचायचं, एकानं लिहायचं.

कागद वाचताना कुठे बोट ठेवायचं

आधी तारखा लावा. प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी), कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा आदेश), काम, मोजमाप, देयक, हा क्रम हवा. मोजमापाची तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची निघते, किंवा आदेश आणि अंतिम मोजमाप यांत चारच दिवसांचं अंतर निघतं. शंभर मीटर सिमेंट रोडची खोदाई, मुरूम, दबाई, ओतकाम आणि पाणी मारणं चार दिवसांत होत नाही. ३१ मार्चच्या आसपासची देयकं म्हणूनच जास्त बारकाईनं पाहावीत. निधी परत जाऊ नये म्हणून काम होण्याआधीच बिल चढवायची घाई तेव्हाच होते.

मग अंदाजपत्रकातल्या बाबी एकेक करून वाचा. रस्त्याच्या अंदाजपत्रकात साधारणपणे खोदकाम, मुरूम भरणे व दबाई, खालचा थर, वरचं एम-२० (हा ताकदीचा दर्जा) काँक्रीट, जोड कापणे, साइडपट्टी भरणे, चाचणी आणि फलक अशा बाबी असतात. प्रत्येकीपुढे लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण असतं. मोजमाप पुस्तिकेत, जिला सगळे एमबी म्हणतात, त्याच बाबी प्रत्यक्ष मोजून लिहिलेल्या असायला हव्यात. एमबीतले आकडे अंदाजपत्रकाशी दशांशापर्यंत जुळत असतील तर सावध व्हा. गावातली गल्ली कधी सरळ नसते, कुठे ओटा पुढे आलेला असतो, कुठे विहीर. मोजून लिहिलेल्या पानावर लांबीचे तुकडे पडतात, रुंदी २.८०, ३.१०, २.९५ अशी बदलते. शंभर बाय तीन बाय ०.१० एका ओळीत असेल तर ते पान बहुधा टेबलावर भरलं गेलं आहे.

काळ्या मातीच्या गावात मुरमाची बाब सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त ती गाळली जाते, कारण काँक्रीट पडल्यावर ती कोणाला दिसत नाही. कापसाची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर कितीही सिमेंट ओता, खाली मुरूम दाबलेला नसेल तर रस्ता दोन वर्षांत मधून तडकतो. बिलात मुरूम असेल तर गौण खनिजाच्या स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) कपात किंवा वाहतूक पास दिसायला हवा. मुरूम शंभर ब्रास आणि पास एकही नाही, हे जुळत नाही.

ग्रामपंचायतीनं स्वतः केलेल्या कामासाठी २०११ च्या लेखासंहितेतले नमुने कामी येतात. एकूण ३३ नमुने आहेत, सगळे पाठ करायची गरज नाही. नमुना ५ सामान्य रोकडवही, १२ आकस्मिक खर्चाचं प्रमाणक, १५ संपणाऱ्या वस्तूंचा साठा, १६ जड वस्तू संग्रह, २० कामाच्या अंदाजाची नोंदवही, २०-क मोजमाप वही, २०-ख देयक, २२ स्थावर मालमत्ता, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ. अर्जात "नमुना १५ ची प्रत" असं लिहिलं की "अशी नोंद उपलब्ध नाही" म्हणणं अवघड जातं.

पक्क्या बिलावरचा जीएसटी क्रमांकही तपासा. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं पॅन असतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव, व्यवसाय आणि नोंदणी चालू आहे की रद्द ते कळतं. बिलाच्या तारखेआधीच रद्द झालेली नोंदणी, किंवा किराणा दुकानाच्या नोंदणीवर एलईडी दिव्यांचं बिल, हे घरबसल्या सापडतं. कंपोझिशनवाला (उलाढालीवर ठोक दरानं कर भरणारा) दुकानदार बिलावर वेगळा जीएसटी लावू शकत नाही, तेही पाहा.

आणि कामाचे तुकडे, म्हणजे ई-निविदा काढावी लागू नये म्हणून एकाच कामाची केलेली लहान कामं. ई-निविदेची मर्यादा शासन निर्णयानं वेळोवेळी बदलते, म्हणून काम झालं त्या वर्षी लागू असलेली मर्यादा पंचायत समितीकडून लेखी घ्या. एकाच गल्लीची तीन कामं, तिन्ही मर्यादेच्या जराशी खाली, तिन्ही एकाच तारखेला एकाच एजन्सीला, असं दिसलं तर तिन्ही अंदाजपत्रकं शेजारी ठेवून फोटो काढा.

जमिनीवर मोजणी

सकाळी, चार-पाच जणांनी मिळून, दिवसाढवळ्या मोजा. वॉर्डाच्या मेंबरलाही बोलवा; आला नाही तर बोलावल्याचा मेसेज ठेवा. तीस मीटरचा फायबर टेप, स्टीलची फूटपट्टी, खडू आणि वही. स्टीलचा तीन-पाच मीटरचा टेप लांबीला वापरू नका, प्रत्येक तुकड्याला चूक वाढत जाते.

लांबी रस्त्याच्या मधोमध मोजायची, काठानं नाही. वळणावर बाहेरचा काठ जास्त भरतो. दर दहा मीटरवर खडूची खूण करा आणि तिथे रुंदी घ्या. शंभर मीटरला अकरा रुंद्या होतात, त्यांची सरासरी धरा. फोटोत टेपचं शून्याचं टोकही दिसू द्या, नाही तर नुसत्या आकड्याच्या फोटोला अर्थ नाही.

खरी भानगड जाडीची. झालेल्या रस्त्याची जाडी काठावर, टोकाला, नालीच्या बाजूला उघड्या पडलेल्या कडेवर किंवा नळ घेताना फोडलेल्या जागी दिसते. पण काठाच्या मापावर विसंबू नका. काठाला लोखंडी पाट्या लावलेल्या असतात, तिथे दहा सेंटीमीटर पुरे भरतात आणि मधला तळ मातीनं उचलून घेतलेला असतो. काठाला दहा आणि मध्ये सहा-सात, हा प्रकार नेहमीचा आहे. मधली जाडी नक्की कळायला कोअर कटिंग (यंत्रानं काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढणं) लागतं, आणि ते यंत्रणेकडूनच करून घ्यावं लागतं. स्वतः रस्ता फोडू नका. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून उलटी तक्रार तुमच्यावर होईल.

काम अजून व्हायचं असेल तर सोपं आहे. पाट्या लागल्या, तळ दाबून झाला, ओतकाम सुरू व्हायचं आहे, त्या वेळी समोरासमोरच्या पाट्यांवर दोरी ताणून धरा आणि दोरीपासून तळापर्यंत डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी तीन मापं घ्या. दर दहा मीटरवर. पाच मिनिटांचं काम. जेई (कनिष्ठ अभियंता) साहेब साइटवर असतील तर त्यांच्यासमोरच करा, बऱ्याचदा त्यांनाही ते सोयीचं पडतं.

आता हिशोब. समजा अंदाजपत्रक आणि एमबी दोन्हींत १०० × ३ × ०.१० मीटर आहे, म्हणजे ३० घनमीटर. तुमच्या मोजणीत लांबी ९४, सरासरी रुंदी २.९० आणि जाडी ०.०८ निघाली. गुणाकार २१.८ घनमीटर. लांबीत सहा मीटर, रुंदीत दहा सेंटीमीटर, जाडीत दोन सेंटीमीटर, एकेक पाहिलं तर कोणी म्हणेल "एवढं चालतंच." तिन्ही मिळून ८.२ घनमीटर, सत्तावीस टक्के काँक्रीट कमी. एम-२० ला १:१.५:३ प्रमाणानं घनमीटरला साधारण आठ बोरे (गोण्या) सिमेंट लागतं, म्हणजे सुमारे ६५ बोरे पडलेच नाहीत. ग्रामसभेत घनमीटर सांगू नका, बोरे सांगा. ते सगळ्यांना कळतं.

दर्जाचं मोजमाप असं टेपनं होत नाही, पण खुणा असतात. किल्ली किंवा खिळ्यानं ओरखडलं की पांढरी भुकटी निघते आणि बोटाला लागते, म्हणजे पाणी नीट मारलेलं नाही किंवा माल जास्त पातळ होता. किमान सात दिवस रस्ता ओला राहायला हवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दहा ते चौदा दिवस, मातीची आळी करून पाणी साठवून. टँकर एकदा फिरवून जातो आणि दुपारी रस्ता कोरडा ठणठणीत असतो, ते पाणी मारणं नव्हे. रेतीचे भाव चढले की रेतीऐवजी क्रशरची बारीक डस्ट भरली जाते. त्यात माती-भुकटी जास्त असली तर वरचा थर सुटतो. चाचणी अहवालात १५ सेंटीमीटरच्या घनांची २८ दिवसांची ताकद एम-२० साठी किमान २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. अहवालावरची ओतकामाची तारीख एमबीशी जुळते का पाहा. काम मे महिन्यातलं आणि घन फेब्रुवारीतले, असे अहवाल जोडलेले सापडतात.

नालीला आतली रुंदी, खोली आणि भिंतीची जाडी घ्या, आणि शेवटी वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. पाणी मध्येच थांबलं तर उतार चुकला आहे, तिथे खडूनं खूण करून फोटो घ्या.

बांधकाम सोडून बाकी खर्च

पथदिव्यांचं सोपं आहे. नमुना १५ किंवा १६ मध्ये किती दिवे आले, किती वॉटचे, ते पाहा आणि रात्री खांब मोजा. वॉट दिव्याच्या अंगावर छापलेले असतात. लाइनमन किंवा दिवे लावणारा पोरगा वर चढेल तेव्हा फोटो काढायला सांगा. बदललेले जुने दिवे कुठे गेले, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे.

ब्लिचिंग पावडरचा खर्च दिसायला छोटा असतो, पण वर्षभर चालतो. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम हा हिशोब. ५० हजार लिटरची टाकी रोज एकदा भरत असेल तर दिवसाला पाव किलो, वर्षाला ९० किलोच्या आसपास, २५ किलोच्या चार गोण्या. बिल वीस गोण्यांचं असेल तर विचारा. उलट चारच गोण्या एकदम घेऊन वर्षभर टिनाच्या खोलीत ठेवल्या असतील तर तेही चूकच, कारण उन्हाळ्यात तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि ओटी टेस्टला (पाण्यातला क्लोरीन तपासायच्या चाचणीला) रंगच येत नाही.

बोअरच्या बाबतीत नंतर काही सिद्ध होत नाही. केसिंग किती मीटर टाकलं ते वरून दिसत नाही आणि पैसा तिथेच असतो. गाडी येईल त्या दिवशी दोघांनी थांबायचं, एका रॉडची लांबी विचारायची, किती रॉड गेले आणि किती केसिंग पाइप उतरले ते मोजायचे. पाइपलाइनला पाइपावर छापलेला व्यास आणि दाबाचा वर्ग वाचायचा, खंदक बुजण्याआधी खोली मोजायची.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पहिल्या दोन्हींचं मासिक विवरण नमुना २८ मध्ये असतं. दिव्यांगांची यादी आणि मिळालेली रक्कम ताडून पाहणं तर अर्ध्या तासाचं काम.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि मेळघाटातल्या पेसा (आदिवासी अनुसूचित क्षेत्राचा पंचायत कायदा) लागू असलेल्या गावांत पाच टक्के अबंध निधी वेगळा येतो. त्याचा निर्णय ग्रामसभेचा आणि खातं ग्रामसभा कोष समितीचं, त्यामुळे हिशोब आधी समितीकडे मागा. तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायत झाली असेल तर ग्रामसभाच उरत नाही. तिथे १९६५ चा नगरपरिषद कायदा लागतो आणि माहिती अधिकार व टेप हीच दोन हत्यारं राहतात.

ग्रामसभेत मांडताना

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. सोयाबीन सोंगणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सभा लावायची, माणसं आली नाहीत म्हणून तहकूब करायची आणि नंतर पंधरा जणांत ठराव घ्यायचे, हे यातूनच होतं. तहकूब सभेची तारीख तिथेच विचारून घ्या आणि त्या दिवशी हजर राहा. महिलांची सभा आधी होते. पाणी, नाली, दिवे यांबद्दल तिथे बाया जास्त मोकळेपणानं बोलतात, ठराव तिथूनच यायला लागला तर वजन वाढतं.

विषय तोंडी मांडू नका. विषयपत्रिका निघण्याआधी लेखी द्या, पोच घ्या. सभेत भाषण नको, आकडे वाचा आणि ठराव मागा:

"सचिव साहेब, अंदाजपत्रकात आणि एमबीत लांबी शंभर मीटर आहे, आम्ही मोजली ती चौऱ्याण्णव भरली. जाडी दहाच्या जागी काठावर तीन ठिकाणी आठ भरते. पंचायत समितीच्या उपअभियंत्यांसमोर, गावकऱ्यांना बोलावून संयुक्त मोजणी करावी आणि मधल्या जाडीसाठी कोअर घ्यावा, असा ठराव लिहा."

"चोरी" हा शब्द काढू नका. तो निघाला की सभा पार्टीबाजीत जाते, मोजणी बाजूला राहते आणि समोरच्याला तेच हवं असतं.

ठराव तोंडी मंजूर होऊन प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) उतरत नाही, ही सगळ्यात मोठी गळती. सभा उठण्याआधी लिहिलेला ठराव मोठ्यानं वाचून घ्या, सूचक-अनुमोदकांची नावं ऐका. हजेरीच्या सह्या आधीच घेऊन खाली कोरी जागा सोडलेली असेल तर शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायला सांगा आणि पानाचा फोटो काढा. आठ दिवसांनी त्याच ठरावाची साक्षांकित प्रत मागा.

पुढची पायरी

ठराव होऊनही मोजणी होत नसेल तर तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे. एका पानात: कामाचं नाव, निधी, देयकाची तारीख व रक्कम, कागदावरचं माप, जमिनीवरचं माप, फरक. मागणी एकच, संयुक्त मोजणी. सोबत एमबीची प्रत, मोजणीचा तक्ता, फोटो आणि ठराव. पंधरा-वीस दिवसांत हालचाल नाही तर जिल्हा परिषदेचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी (पंचायत), मग मुख्य कार्यकारी अधिकारी. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुक्याला अर्ज केल्याचा कागद नसेल तर जिल्ह्यात घेत नाहीत आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. सरपंच किंवा सदस्याला गैरवर्तनासाठी काढायचं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर विभागीय आयुक्त निर्णय घेतात. ती लांबची वाट आहे, आणि रस्ता दुरुस्त व्हायला तिचा उपयोग नाही.

रस्ता दुरुस्त करून घ्यायचा असेल तर कार्यारंभ आदेशातला दोषदायित्व कालावधी पाहा. तेवढ्या मुदतीत निघालेला दोष कंत्राटदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो, आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव अडकलेली असते. मुदत संपायच्या दोन महिने आधी तडे, उखडलेले तुकडे आणि तुंबलेली नाली यांची यादी मीटरच्या खुणांसह यंत्रणेला लेखी द्या आणि त्याच पत्रात लिहा: दुरुस्ती होऊन गावकऱ्यांसमोर पाहणी होईपर्यंत सुरक्षा ठेव परत करू नये. त्या पत्राची एक प्रत लेखा विभागालाही द्या, कारण ठेवीचा धनादेश तिथूनच निघतो.